नंदूची म्हणतात ती गाडी

नंदू, तुझ्या शोकसभेत लोकांनी टाळ्या वाजवल्या. हॉलमध्ये तुझा हार घातलेला फोटो, उदबत्ती, पुढच्या रांगेत डोळे पुसणाऱ्या मंगलवहिनी, आणि तेवढ्यात कोणीतरी भिंतीवर पांढरी चादर लावून तुझी ती अडीच मिनिटांची फिल्म दाखवली. वाफेचं इंजिन फलाटावरून हललं, धापा टाकत वेग घेत गेलं, पुठ्ठ्याच्या बोगद्यात शिरलं, आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मग शोकसभा आहे हे आठवून सगळे एकदम गप्प झाले. माझ्या शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, "काय ती नंदूची गाडी!" मी मान हलवली. दुःख होतंच, ते नाकारत नाही. पण त्या क्षणी पोटात जे दुखलं ते वेगळं होतं. मला तुझा हेवा वाटला. तू गेल्यावरसुद्धा.

नंतर कोणीतरी म्हणालं, "मधुकरराव, तुम्ही इतक्या वर्षांचे मित्र, दोन शब्द बोला." मी घसा बसल्याचं सांगितलं. बोललो असतो तर तोंडून एकच वाक्य निघालं असतं, ती गाडी माझी आहे. ते काही हार घातलेल्या फोटोसमोर बोलायचं वाक्य नव्हे. म्हणून इथे बोलतो. तू ऐकून घे. जिवंतपणी ऐकलं नाहीस.

आठ वर्षं लागली मला ती गाडी करायला. अंबडच्या कारखान्यात टूलरूमला दिवसभर दुसऱ्यांचे सुटे भाग करायचे, आणि घरी येऊन स्वयंपाकघराला लागून असलेल्या बाल्कनीत छोट्या लेथवर माझं इंजिन करायचं. पितळ, लोखंड, सगळं भंगारातून निवडून आणलेलं. आण्णांसाठी करत होतो. माझे वडील मनमाडच्या शेडला वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर होते. आण्णा रिटायर झाले, पुढे वाफही बंद झाली, आणि नाशिकरोडच्या आमच्या दोन खोल्यांत खिडकीशी बसून राहिले. त्यांचं इंजिन आपण त्यांना करून द्यायचं, असं मी मनाशी घेतलं होतं. त्यांच्याजवळ वही घेऊन बसायचो. चाकाला आरे किती? बारा. दांडा कुठे जोडलेला? धुराडं किती उंच? ते सांगायचे, मी लिहून घ्यायचो. खऱ्या वाफेवर चालवायचा बेत होता, पण बॉयलरचं नाव काढलं तसे आण्णा चिडले. "बॉयलर म्हंजी खेळ नाय रे मधू. फुटला म्हंजी तू बी नाय आन् बाल्कनी बी नाय." घोटी सोडून पन्नास वर्षं झाली, तरी बोली तशीच राहिली होती त्यांची. म्हणून इंजिन झालं, पण ढकललं तरच चालणारं.

पूर्ण झालं त्या दिवशी मी ते त्यांच्यापुढे स्टुलावर ठेवलं. आण्णांनी चष्मा लावला, सगळीकडून पाहिलं, आणि म्हणाले, "झ्याक हाय." मग चष्मा काढून खिडकीबाहेर बघायला लागले. आठ वर्षांचे दोन शब्द. मी कपाटाला काच बसवून गाडी आत ठेवून दिली.

नव्वद साल नुकतं सरलं होतं. आण्णांच्या पंचाहत्तरीचे फोटो काढायला तू आलास. देवळालीगावात तुझा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी. सायखेड्याला एक लग्न आटपून थेट आला होतास, खांद्यावर अक्षता तशाच. तू आण्णांचे फोटो काढलेस, मग कपाटाकडे गेलास आणि मला म्हणालास, "मध्या, ही चालत नाही?" मी म्हटलं, "नाही." तू म्हणालास, "चालवू या." इतकं सोपं. जणू मला आठ वर्षांत ते सुचलंच नव्हतं.

तुझी कल्पना तू बशीतल्या चिवड्याचे शेंगदाणे वेचत सांगितलीस. गाडी टेबलावर ठेवायची, एक फोटो काढायचा. जराशी पुढे सरकवायची, दुसरा काढायचा. असे शंभर. सगळे छापून एकावर एक रचायचे, एका बाजूने बांधायचे आणि अंगठ्याने फुरफुर उलटायचे. डोळ्यांना वाटतं, गाडी चालली. मला पटलं. त्यातलं मोजमापाचं काम माझं, हेही मला लगेच कळलं.

आणि तिथेच मी शेण खाल्लं, ते तू पुढे दहा जणांना रंगवून सांगितलंस, तर आता मीही सांगतो. सरकवायची तर सारखी सरकवायला हवी, असा माझा हिशेब. मी जुन्या लेथचा मीटरभर लांब स्क्रू आणला, टेबलाखाली बसवला, गाडीला जोडला. हँडलचे दोन फेरे, की गाडी बरोब्बर दहा मिलिमीटर पुढे. एक केस इकडे नाही की तिकडे नाही. छत्तीसचे तीन रोल आपण काढले. तू डार्करूममध्ये छापलेस, कापलेस, बांधलेस, आणि आण्णांच्या हातात दिलेस. आण्णांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग पोट धरून हसायला लागले. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"आरं, चाकं जाम हायेत आन् गाडी पळतीय! उतारावर असं झालं म्हंजी आम्ही देवाचं नाव घ्यायचो!"

खरंच, दांडे फिरत होते, गाडी पुढे जात होती, आणि चाकं ढिम्म. कारण चाकाचा घेर मी हौसेने एकशेवीस मिलिमीटर ठेवला होता, आरे बारा होते, आणि प्रत्येक फोटोला मी गाडी दहा सरकवत होतो. प्रत्येक वेळी एका आऱ्याच्या जागी पुढचा आरा तंतोतंत येऊन उभा. डोळ्यांना तेच चाक दिसणार, दुसरं काय दिसणार? जरा कमी नेमका असतो तर गाडी चालली असती. तू हसलास, आण्णा हसले. मी हसलो नाही.

दुसऱ्या वेळी तू माझा स्क्रू काढून टाकलास. म्हणालास, "आता मी बोटाने ढकलतो, तू बटण दाब." लक्षात घे नंदू, काय झालं ते. गाडी मी केलेली, फोटो मी काढतोय, आणि तू नुसता एक बोट लावणार. तरी आज सारं नाशिकरोड तिला नंदूची गाडी म्हणतं.

मी कॅमेऱ्यामागे उभा राहिलो. तू उजव्या हाताची तर्जनी इंजिनाच्या मागे टेकवायचास, डोळे बारीक करायचास, थोडंसं ढकलायचास, हात बाजूला घ्यायचास. "घे." मी बटण दाबायचो. कधी तीन मिलिमीटर, कधी सात, कधी अकरा. काही धरबंध नाही. मला बघवत नव्हतं. आणि मधूनच तू गाडीला हात न लावताच म्हणायचास, "अजून एक घे."

"हललेली नाहीये ती."

"माहितीये. अजून एक घे."

"रोल वाया घालवू नकोस, नंदू."

"माझी सावली पडली होती रे. घे ना."

सावली बिवली काही पडली नव्हती, मी कॅमेऱ्यातून बघतच होतो. पण तू ऐकणारा नव्हतास. दर थोड्या वेळाने ते चालायचं. अजून एक घे. मला वाटलं, याला मोजता येत नाही, म्हणून घोळ झाला की त्यावर एक जादा फोटो मारतो.

आण्णांनी ती दुसरी फोटोंची वही उलटली, तेव्हा खोलीत आपण तिघेच होतो. अंगठा फिरला. आण्णा थांबले. पुन्हा फिरवला, हळू. मग त्यांचा आवाजच बदलला. "धाप टाकतीय," ते म्हणाले. "आरं मधू, बघ, धाप टाकतीय ती. अशीच निघायची." आणि रडले. माझे वडील आईच्या वेळी रडले नव्हते. त्यांनी हात पुढे केला तो तुझ्याकडे. तुझं मनगट धरून बसले किती तरी वेळ. मी बाजूला उभा होतो, आठ वर्षं घेऊन.

त्यानंतर तू दर आठवड्याला यायला लागलास. मी कारखान्यात असायचो तेव्हा. घरी आलो की दोन कप उपडे घातलेले दिसायचे. आण्णा तुझ्याशी काय काय बोलायचे ते मला तुझ्याकडून कळायचं. पहिल्यांदा इंजिनावर चढले तेव्हा कोळसा टाकणाऱ्या फायरमनचे हात कसे भाजले होते. दौंडच्या वाटेवर थंडीत ड्रायव्हरची पाठ गारठायची आणि पोट भाजायचं. आणि गाडी सोडणं कोणालाही येतं, थांबवणं अवघड. त्यांनी गाडी थांबवली की लोट्यातलं पाणी हलायचं नाही. हे मला माझ्या वडिलांबद्दल तू सांगितलंस. त्या वेळी तुझ्या मुस्काटात द्यावीशी वाटली होती. खरं तर मीच कधी विचारलं नव्हतं. माझ्या वहीत धुराड्याची उंची आहे.

ती फोटोंची वही आण्णांच्या उशाशी असायची. उलटून उलटून कडा काळ्या झाल्या. जाण्याआधी त्यांनी ती तुला दिली. मला म्हणाले, "तुझ्याकडं गाडी हाय की." आहे ना. कपाटात होती.

मग दहाएक वर्षांनी तुझ्या हाती डिजिटल कॅमेरा आला, रोलची कटकट गेली, फोटो कॉम्प्युटरवर ओळीने लावले की झाली फिल्म. तू स्टुडिओच्या मागच्या खोलीत रूळ घातलेस, फलाट केलास, पुठ्ठ्याचा बोगदा केलास, आणि माझी गाडी मागायला आलास. मी दिली. नाही म्हणता आलं नाही, कारण तू म्हणालास, आण्णांसाठी. मी नोकरीवर, म्हणून आता बटण दाबायला मंगलवहिनी. लोडशेडिंगचे दिवस. दिवे गेले की तुम्ही दोघं जिथल्या तिथे हात आवरून बसायचात, कारण उन्हाच्या उजेडात काढलेला फोटो मध्ये घुसला तर गाडीवर वीज चमकल्यासारखी दिसते. तब्बल आठ महिने चाललं ते.

फिल्म झाली, गणपतीच्या मांडवात दाखवलीत. शेवटी अक्षरं आली: गाडी चालवली, आणि पुढे आण्णांचं नाव. बस. मी तुला मांडवामागे गाठलं.

"माझं नाव कुठंय?"

"माझंही नाही."

"तुझी गरजच नाही. तुला सगळे ओळखतात."

"मध्या, केली तू, ढकलली मी. चालवली कोणी, सांग ना?"

तुला वाटलं मी विरघळेन. मी विरघळलो नाही. आणि पुढच्याच आठवड्यात गावातल्या पेपरात फोटो आला. तुझ्या हातात माझं इंजिन, खाली तुझं नाव. तू म्हणालास, त्यांनी परस्पर छापलं. असेल. मी स्टुडिओत आलो, गाडी टॉवेलात गुंडाळली आणि घेऊन गेलो. तू म्हणालास, "अरे, थांबायचं राहिलंय. बोगद्यातून बाहेर येऊन दुसऱ्या फलाटावर थांबायचीय ती." मी म्हटलं, "मग थांबव तुझी तू." तो आपला शेवटचा धड संवाद. त्यानंतर दोन वर्षं लग्नात, मर्तिकात भेटलो की बरं आहे, बरं आहे. मला वाटायचं तू येशील. तुलाही तेच वाटत असणार. दोन गल्ल्यांचं अंतर, आणि आपण दोघं आपापल्या घरात फुगून बसलेले.

शोकसभेनंतर चार दिवसांनी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, महिनाअखेर स्टुडिओ मालकाला परत द्यायचाय. मागच्या खोलीतले रूळ तसेच आहेत. ह्यांनी काढू दिले नाहीत. रोज फडक्याने पुसायचे. तुम्ही गाडी आणता का? थांबायचं तेवढं करून टाकू."

खरं सांगू? मला आनंद झाला. लाज वाटावी असा आनंद. म्हटलं, आता माझं बोट. गाडी माझी आणि चालही माझी. लोक टाळ्या वाजवतील तेव्हा तू फोटोतून बघ.

आज सकाळी गाडी घेऊन गेलो. लोडशेडिंग संपून दिवे दुपारी एकला आले. वहिनी कॅमेऱ्यामागे बसल्या, चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला. मी खिशातून मोजायचा व्हर्नियर काढला. वहिनी तुझ्यासारख्याच गालात हसल्या, तेव्हा मी तो परत खिशात घातला. इंजिन बोगद्याच्या तोंडाशी ठेवलं आणि मागे तर्जनी टेकवली.

नंदू, त्या गाडीला मी हजार वेळा हात लावला असेल. पण दोन्ही हातांनी उचलायला, पुसायला, नाहीतर स्क्रूला जोडायला. एका बोटाने कधी ढकलली नव्हती. ढकलली. सुरेख गेली. अजून ढकलली. आणि चाकाचा एक फेरा पुरा होत आला तसं बोटाला काहीतरी लागलं. किंचित. जणू गाडी म्हणाली, थांब जरा. जोर लावला तशी सुटली. पुढच्या फेऱ्याला पुन्हा तिथेच. मी खाली वाकून पाहिलं. डाव्या दांड्याची खुंटी, चाकाला दांडा जोडणारी. केसभर बाहेर बसलीय. दर फेऱ्याला तिथे दांडा आवळतो. माझी चूक. टूलरूममध्ये बत्तीस वर्षं काढलेला माणूस, आणि माझी चूक. स्क्रूने ती कधी कळूच दिली नाही, तो रेटून नेत होता.

पण काम अर्धवट सोडता येत नव्हतं, म्हणून हात बाजूला घेतला. वहिनींनी बटण दाबलं. मग मी काहीच न करता त्यांनी पुन्हा दाबलं.

"दोनदा का घेतलात, वहिनी?"

"इथे दोनदाच घ्यायचा असतो ना. इथे ती अडते." त्यांनी अगदी सहज सांगितलं, भाजीत मीठ किती ते सांगावं तसं. मग एकदम जीभ चावली. "ह्यांनी तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं."

"का?"

"म्हणायचे, मध्याला कळलं तर घासून सरळ करून टाकेल. मग ती धाप टाकायची नाही."

मी तिथल्या स्टुलावर बसलो. वहिनी पाणी आणायला गेल्या, मुद्दामच गेल्या असाव्यात.

म्हणजे बोटाने ढकललेल्या पहिल्या रोलपासून तुला माहीत होतं. सावली पडली, अजून एक घे. आण्णांना जी धाप दिसली, ज्यासाठी ते रडले, ती माझ्या चुकलेल्या खुंटीची, दर फेऱ्याला क्षणभर अडून सुटायची ती. तू ती बोटाने शोधलीस, आणि पंधरा वर्षं माझ्यापासून जपून ठेवलीस. मी शिव्या घातल्या, गाडी टॉवेलात गुंडाळून नेली, तेव्हा एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं तुला. बोलला नाहीस. आणि तू मला बरोबर ओळखलं होतंस, हे सगळ्यात जास्त झोंबतंय. सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी कानस घेऊन बसलो असतो. आण्णांना मी एक निर्दोष गाडी दाखवली असती, आणि ते म्हणाले असते, झ्याक हाय.

तुझे आभार मानायला हवेत हे मला कळतं. मानतो. पण हेवा काही गेला नाही, उलट वाढलाय. माझ्या गाडीतली मला न सापडलेली जागा तुला सापडली, माझ्या वडिलांतली सुद्धा.

वहिनी आल्या, आम्ही पुन्हा सुरुवात केली. आण्णांच्या लोट्यातलं न हलणारं पाणी डोळ्यांपुढे आणलं आणि मोजणं सोडलं. बोटाला वाटेल तेवढंच ढकलत गेलो. आधी बोटाच्या पेराएवढं, मग नखाएवढं, मग नुसतं टेकवल्याइतकं. ती जिथे अडायची तिथे मी थांबायचो, आणि वहिनी दोनदा दाबायच्या. फलाटाच्या शेवटच्या दिव्यापाशी ती आली तेव्हा शेवटचा फेरा भरत होता. बोटाखाली ती पुन्हा अडली. या वेळी मी जोर लावला नाही. हात बाजूला घेतला. तुझी गाडी उभी राहिली, नंदू.

वहिनींनी फोटो घेतला. मग दुसरा घेतला. चष्मा वर करून म्हणाल्या, "झालं ना, भाऊजी?"

मी म्हटलं, "अजून एक घ्या."